असर्ट

कर्णिक वकिलांनी कोर्टाच्या व्हरांड्यात, पाण्याच्या माठाशेजारी उभं राहून निकालाचा कागद वाचला आणि माझ्या हातात दिला.

"तुस्कानो बाई, अर्ज फेटाळलाय."

"का पण?"

"वाचा ना. तुम्ही शाळेत इंग्रजीच शिकवता."

मी वाचायला लागले. एका ओळीखाली कर्णिकांनी पेन्सिलीची रेघ मारली होती. आपली बहीण बरी झाली आहे असं अर्जदार बाई ‘मीअरली असर्ट’ करतात, असं मॅजिस्ट्रेट साहेबांनी लिहिलं होतं.

"हे असर्ट..." मी म्हटलं. "मी मुलांना ठामपणे सांगणं असा अर्थ सांगते."

"शाळेत तसा असेल. कोर्टात त्याचा अर्थ नुसतं म्हणणं. पुरावा नाही, आधार नाही, तुम्ही आपलं म्हणताय." कर्णिकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. ते वाईट माणूस नव्हते. "अपील करता येईल. पण त्याला वेळ लागेल."

वेळच तर नव्हता. माझी थोरली बहीण नातालीन, घरात आम्ही तिला बाय म्हणायचो, मनोरुग्णालयात होती आणि तिथून तिला हलवण्याचा हुकूम निघाला होता. घरचं कोणी न्यायला येत नाही अशा बायकांना पावसाळ्याआधी लांबच्या एका संस्थेत पाठवायचं ठरलं होतं. रेल्वेने दीड दिवसाचा प्रवास. तिथे गेलेली बाई परत आल्याचं रुग्णालयात कोणी ऐकलं नव्हतं.

आता या गोष्टीला खूप वर्षं झाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, फुलांच्या वाड्या करणारे. बायचं लग्न उत्तरेकडच्या एका गावी पास्कल मच्याडोशी झालं. माणूस दिसायला देखणा, बोलायला गोड. पहिलं मूल झालं, मुलगा, आणि आठवड्याच्या आत तापाने गेला. बायही तापाने फणफणली होती. शुद्धीवर आली तेव्हा पाळणा रिकामा होता. तिच्या डोक्यावर परिणाम झाला, हे मी नाकारत नाही. ती रोज सकाळी बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायची. कोणी पाणी ओतून दिलं तर पुन्हा भरायची. विहिरीच्या काठावर बसून राहायची. दोन डॉक्टरांचे दाखले घेऊन पास्कलने तिला रुग्णालयात नेऊन ठेवलं. तेव्हा आमच्या आईलाही वाटलं, बरंच झालं, औषधपाणी होईल.

औषधपाणी झालं आणि बाय बरी झाली. दुसऱ्या वर्षीच झाली. वॉर्डातल्या आया, इंदूबाई म्हणून होत्या, त्या मला म्हणायच्या, "ताई, हिला घेऊन जा हो. ही आमच्यापेक्षा शहाणी आहे." पण नियम होता. ज्याने दाखल केलं त्यानेच येऊन न्यायचं, नाहीतर कोर्टाचा हुकूम आणायचा. आणि पास्कल काही येत नव्हता. त्याने घरात दुसरी बाई आणून ठेवली होती. बायको वेडी आहे म्हटल्यावर गावात कोणी तोंड उघडत नव्हतं. बायको बरी झाली असती तर सगळ्यांना तोंडं फुटली असती.

रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर वाकणकर. त्यांना मी एकदा गाठलं होतं. त्यांनी बायचा केसपेपर उघडून माझ्यासमोर धरला. "बघा. दर राउंडला हेच. पेशंट असर्ट्स शी इज वेल."

"मग? चांगलंच आहे की."

"चांगलं नाही, बाई. याला आम्ही लक्षण धरतो. आजारी असल्याचं भानच नाही. इथे सगळेच म्हणतात मी बरा आहे."

"आणि तिने मी आजारी आहे म्हटलं तर?"

"तर भान आहे, पण आजारी आहे."

ते मला हसले नाहीत, टाळत होते असंही नाही. त्यांच्याकडे पाचशे माणसं होती आणि डॉक्टर चार. पण त्या दिवशी मी बायला भेटले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काय बोलू रेजी? होय म्हटलं तरी वेडी, नाही म्हटलं तरी वेडी." त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. डॉक्टरांशी नाही, इंदूबाईंशी नाही, माझ्याशीही नाही. भेटीला गेले की ती माझा पदर नीट करायची, केसांत काही अडकलं असेल तर काढायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. तिच्या गप्प बसण्याचीही केसपेपरवर नोंद झालीच असणार.

तर निकालाचा तो कागद घेऊन मी एस.टी.ने गावी आले. घरी जायची हिंमत होईना. आई अंथरुणाला खिळलेली. दारात पाऊल टाकलं की विचारणार, काय झालं? पाय आपोआप फादर एलायसांच्या घराकडे वळले.

फादर एलायस आमच्या आईचे लांबचे मामा लागत. आयुष्यभर सेमिनरीत लॅटिन शिकवलं. म्हातारपणी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, म्हणून पुतण्याच्या घरी येऊन राहिले होते. ओट्यावर पुतण्याची सून आणि शेजारच्या बाया मोगऱ्याचे गजरे करत बसल्या होत्या. सकाळच्या गाडीने माल मुंबईला जायचा. फादर एका बाजूला आरामखुर्चीत.

"कोण? रेजिना? चालण्यावरून ओळखलं. काय म्हणालं कोर्ट?"

मला रडू आलं. बाया गजरे करायच्या थांबल्या. फादरांनी त्यांना हाताने खूण केली, चालू द्या म्हणून, आणि मला म्हणाले, "रडून झालं की वाच."

मी वाचलं. त्यांनी मध्येच हात वर केला.

"कोणता शब्द म्हणालीस?"

"असर्ट."

"हा आमच्या घरातून गेलेला शब्द आहे." ते सरळ बसले. सेमिनरीतला मास्तर जागा झाला असावा. मला मनातून रागच आला. माझी बहीण चालली आहे आणि यांना शब्दाचं पडलंय.

"फादर, मला तुमच्याकडून चिठ्ठी हवीय. बिशपांच्या ओळखीने कुठे काही..."

"चिठ्ठी देतो. चिठ्ठीने काही होणार नाही. आधी ऐक. लॅटिनमध्ये सेरेरे म्हणजे ओवणं, गुंफणं. या पोरी करतायत ते. त्याला अॅड लावलं की आपल्याशी जोडून घेणं. अॅडसेरेरे. त्याचं इंग्रजीत असर्ट झालं."

"मग ठामपणे सांगणं कुठून आलं?"

"कोर्टातूनच आलं, बाळ. रोमन लोकांच्या कोर्टातून. तिथे गुलामाला तोंड नव्हतं. तो मालकाची वस्तू. मी मोकळा जन्मलोय, मला चोरून आणलंय, असं त्याने ओरडून सांगितलं तरी ते ऐकून घ्यायचं नाही, असा कायदाच."

मी डोळे पुसायची थांबले.

"मग काय करायचे?"

"मग कोणीतरी मोकळा माणूस त्याच्यासाठी उभा राहायचा. न्यायाधीशासमोर जायचा, त्या गुलामाच्या अंगावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, हा मोकळा आहे. मी म्हणतो. हे जे हात ठेवून म्हणणं, ते अॅडसेरेरे. नुसतं तोंडाने म्हणणं नव्हे. आता तुझा मॅजिस्ट्रेट नुसतं म्हणणं लिहितो. शब्दाचे हात कधी गळून पडले कोण जाणे."

एक बाई म्हणाली, "आणि फादर, तो मालक गप्प बसायचा?"

"छे. त्यालाही तेच करावं लागे. त्यानेही हात ठेवायचा आणि म्हणायचं, हा माझा गुलाम. त्यालाही शब्द हाच."

"मग शब्दात काय राहिलं?" मी चिडून म्हटलं. "सोडवायलाही तोच, बांधायलाही तोच!"

"शब्दात काही राहत नाही, रेजिना. हात कोणाचा, एवढंच असतं. पण मला एक सांग. दोघांनी हात ठेवायचा तर दोघांना यावं लागणार. आणि ज्याच्यावर ठेवायचा तो माणूस मध्ये उभा पाहिजे. तुझा तो पास्कल कोर्टात आला होता?"

"नाही. त्याचा वकील आला होता."

"नातालीन?"

"तिला कोण आणणार?"

"मग कोणी कोणावर हात ठेवला?" फादर म्हणाले.

गजऱ्यांच्या टोपल्या भरल्या, त्यांवर केळीची पानं झाकली गेली. घरी गेल्यावर आईला सांगितलं, पुढची तारीख पडलीय. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून कर्णिकांकडे गेले.

"बायला कोर्टात आणायचं," मी म्हटलं. "आणि पास्कललाही. वकील नको, तो स्वतः."

कर्णिकांनी कपाळाला हात लावला. "बाई, काय बोलताय! कागदावर तरी आपण म्हणू शकतो की पेशंट बरी आहे. साहेबांनी चार प्रश्न विचारले आणि तिने तोंड उघडलं नाही, किंवा भलतंच काही बोलली, तर? मग अपीलही गेलं. सगळं संपलं."

"ती गाडीत बसून गेली की तसंही संपणारच आहे."

"ती बोलते का हल्ली?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, "तुम्ही अर्ज करा."

त्यांनी अर्ज केला. नवा मुद्दा म्हणून काय काय लिहिलं ते मला आठवत नाही. मॅजिस्ट्रेट साहेब वैतागले होते, पण बाईला प्रत्यक्ष पाहायला हरकत नाही म्हणाले. पास्कललाही समन्स निघालं. तारीख पडली ती बायकांना हलवायच्या आदल्याच आठवड्यातली.

मी बायला सांगायला गेले. वॉर्डात आधीच सामान बांधायची गडबड होती. बायकांच्या दंडाभोवती नंबराच्या कापडी पट्ट्या शिवत होते. बायच्या दंडालाही होती. मी तिच्यासमोर बसले, तिचे दोन्ही हात धरले.

"बाय, मंगळवारी तुला कोर्टात नेतील. साहेब विचारतील ते सांग. नाव सांग, गाव सांग. एवढं कर माझ्यासाठी. मग आपण घरी जाऊ."

तिने माझ्या कपाळावरची बट मागे सारली आणि भिंतीकडे तोंड केलं.

इंदूबाई मला दारापर्यंत पोचवायला आल्या. "बोलेल का हो?" मी विचारलं.

"काल झोपेत बोलली. पाणी उतू जातंय म्हणाली." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे कोणाला सांगू नका."

मंगळवारी कोर्टात उन्हाने पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. रुग्णालयाच्या गाडीतून बायला आणलं. अंगावर सरकारी हिरवं लुगडं, केस कापलेले. दोन बाजूंना इंदूबाई आणि एक पोलीस. पास्कल पलीकडच्या बाकावर बसला होता. पांढरा शर्ट, केसांना तेल, तब्येत सुधारलेली. त्याने बायकडे पाहिलं नाही.

साहेबांनी बायला पिंजऱ्यात न बोलावता टेबलासमोरच उभं केलं. आवाज मऊ केला.

"बाई, तुमचं नाव काय?"

बाय गप्प.

"गाव कुठलं तुमचं?"

गप्प.

"या कोण आहेत, ओळखता?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बायने माझ्याकडे पाहिलं. ओठ हललेसुद्धा नाहीत.

पास्कलचा वकील हळूच उठला. "साहेब, मला काही बोलायची गरज आहे असं वाटत नाही."

कर्णिक मान खाली घालून कागद चाळत होते. साहेबांनी लिहायला पेन उचललं. त्या पेनाचं टोक कागदाला टेकलेलं मी पाहिलं आणि मला काय झालं ते आजही सांगता येत नाही. मी उठले, बाकाला ठेचकाळले, मधली जागा ओलांडून बायपाशी गेले. पोलीस "ओ बाई, ओ!" करत पुढे आला. मी बायच्या डोक्यावर हात ठेवला. कापलेले केस हाताला टोचले.

"ही माझी बहीण आहे," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. "ही कोणाची ठेव नाही. ही मोकळी आहे. मी हिला घेऊन जाते."

"बाई, जागेवर जा," साहेब म्हणाले. "हे कोर्ट आहे. असं म्हणून काही होत नसतं."

"माहीत आहे साहेब. माझं नुसतं म्हणणं आहे, तुम्हीच लिहिलंय. मग यांचं काय आहे?" मी पास्कलकडे वळले. "यांनी हिला तिथे ठेवलं. यांच्याशिवाय कोणाच्या हाती द्यायची नाही म्हणता. ते समोर बसलेत. त्यांनाही इथे यायला सांगा. हात ठेवू दे त्यांना आणि म्हणू दे, ही माझी बायको, मी हिला आत्ता घरी नेतो. त्यांनी नेली तर मी एक शब्द बोलणार नाही."

"बाई—" कर्णिक अर्धवट उठले.

साहेबांनी त्यांना खाली बसवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पास्कलकडे.

"मच्याडो, इकडे या."

पास्कल आला. बायपासून दोन हात लांब थांबला.

"तुमची बायको?"

"होय साहेब."

"घरी न्यायची तयारी आहे?"

"साहेब, ती बरी नाही. तुम्ही बघितलं ना आत्ता..."

"बरी आहे की नाही ते मी बघेन. तुम्ही नेता का?"

"घरात अडचण आहे साहेब."

"काय अडचण?"

पास्कलने वकिलाकडे पाहिलं. वकील छताकडे पाहत होता. मागच्या बाकावर कोणी तरी खाकरलं.

"म्हणजे... बघणारं कोणी नाही."

"घरात कोणी बाईमाणूस नाही?"

पास्कलच्या मानेवरून घाम ओघळला आणि शर्टाच्या कॉलरमध्ये शिरला. आणि तेवढ्यात माझ्या हाताखालचं डोकं हललं.

"पास्कल," बाय म्हणाली.

तिचा आवाज मी किती तरी महिन्यांनी ऐकला. घोगरा, जाड, परक्या बाईचा वाटला.

"पास्कल, बाळाला कुठे ठेवलंस?"

संपलं, मला वाटलं. सगळं संपलं. इतक्या दिवसांनी बोलली आणि हे बोलली. पास्कलचा वकील ताडकन उभा राहिला. "साहेब, नोंद व्हावी! मूल चार वर्षांपूर्वी वारलंय, आणि ही बाई अजून..."

"मेलंय ते मला ठाऊक आहे," बाय म्हणाली. तिने वकिलाकडे वळूनही पाहिलं नाही. "माझं बाळ मेलं हे मला तुमच्याकडून कळायला नको. मी शुद्धीत नव्हते तेव्हा याने नेलं. मी याला विचारतेय, पुरलंस कुठे? मला कोणी सांगितलं नाही. चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, हिला पुन्हा झटका आला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सांगा त्यांना," ते पास्कलला म्हणाले.

"चर्चमागच्या सिमित्रीत," पास्कल पुटपुटला.

"कुठल्या बाजूला?" बायने विचारलं. "तुझ्या आईच्या शेजारी?"

"नाही. बाप्तिस्मा झाला नव्हता ना... म्हणून आत घेतलं नाही. मागच्या कुंपणाबाहेर. भेंडीचं मोठं झाड आहे, त्याच्या खाली."

"क्रूस लावलास?"

पास्कल रडायला लागला. मला त्याची दया आली नाही, येऊ दिली नाही. पण तो खरंच रडत होता, तोंड दोन्ही हातांनी झाकून, एखाद्या मुलासारखा. बाय त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने साहेबांकडे तोंड वळवलं.

"माझं नाव नातालीन. ही माझी धाकटी बहीण रेजिना. मला आता बसू द्या, पाय दुखतायत."

साहेबांनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितलं.

हुकूम त्याच दिवशी झाला. तीन महिने माझ्या ताब्यात, मग डॉक्टरांनी तपासून अहवाल द्यायचा, तो नीट असला तर कायमचं. बाहेर आल्यावर कर्णिक म्हणाले, "बाई, असलं काही पुन्हा करू नका. माझं ब्लडप्रेशर आहे." आणि त्यांनी बायला वाकून नमस्कार केला. इंदूबाईंनी पिशवीतून कात्री काढून तिच्या दंडावरची पट्टी उसवली.

गोष्ट इथे संपली असं लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पण ते तीन महिने मला रुग्णालयापेक्षा जड गेले. बाय घरी आली आणि पुन्हा गप्प झाली. आईपाशी बसायची, तिला भरवायची, कपडे धुवायची, पण बोलणं नाही. मी तिच्यावर पहारा ठेवला. विळी माळ्यावर टाकली. विहिरीच्या तोंडावर लाकडी दार करून कुलूप लावलं. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता वाटायचं, आत्ता काय करत असेल? मधल्या सुट्टीत धावत घरी यायचे. ती परसात उभी दिसली की विहिरीचं कुलूप ओढून बघायचे. चूल पेटलेली दिसली की आधी पातेल्यात डोकावायचे, पाणी कशाचं आहे ते बघायला. कोणी घरी आलं, बायला कशी आहेस विचारलं, की मीच सांगायचे, बरी आहे, आता खूप बरी आहे. तिने तोंड उघडायच्या आत.

अहवालाचा दिवस जवळ आला होता. श्रावणातली उघडीप होती. मी शाळेची तयारी करत होते तर बाय आईची एक जुनी साडी नेसून, केस चापून-चोपून बांधून समोर आली. हातात पिशवी.

"मी जाते," ती म्हणाली.

"कुठे?"

"पास्कलच्या गावी. सिमित्रीत."

माझ्या हातातली वह्यांची चळत खाली पडली. "थांब, मी रजा टाकते. मीही येते."

"नको."

"अगं, दोन गाड्या बदलायच्या. तिथे तो असेल, ती बाई असेल. लोक काय काय बोलतील. तुला काही झालं तर? परवा डॉक्टरांपुढे उभं राहायचंय, त्यांना कळलं तर..."

"रेजी."

"फादरांना घेऊन जाऊ. रविवारी जाऊ, सगळे मिळून जाऊ."

"रेजी, मी एकटी जाणार आहे. मी ठरवलंय." ती शांतपणे म्हणाली. "बाळापाशी मला तुम्ही कोणी नको आहात."

आई खाटेवरून म्हणाली, "जाऊ दे तिला."

मी दारात आडवी उभी होते. बायने मला ढकललं नाही, विनवलंही नाही. ती नुसती उभी राहिली, मी बाजूला होईन म्हणून. मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात एकच आलं, हिला जाऊ दिलं आणि हिने कुठल्या विहिरीत उडी घेतली तर मी जगणार कशी? आणि जाऊ दिलं नाही, तर मग मी कोण?

मी बाजूला झाले.

त्या दिवशी मी मुलांना काय शिकवलं ते त्यांना माहीत. दुपारची गाडी आली, त्यात बाय नव्हती. त्यानंतरची आली, त्यातही नव्हती. आई माळ हातात घेऊन पडली होती, मणी पुढे सरकत नव्हते. मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. येणारे-जाणारे विचारायचे, कोणाची वाट बघतेस बाई? मी काहीही सांगायचे. ऊन कलायला लागलं तशी माझी खात्री पटत चालली. मी मनातल्या मनात पोलिसांना काय सांगायचं ते जुळवत होते.

संध्याकाळच्या गाडीतून ती सगळ्यात शेवटी उतरली. साडीला गुडघ्यांवर चिखल होता, नखांत माती. उजव्या तळहाताला खिळा लागून खरचटलं होतं. डोळे सुजलेले. तिने मला पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत हातोडी होती आणि उरलेले खिळे.

मी काही विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

आम्ही वाडीच्या रस्त्याने चालायला लागलो. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नाही. काय केलंयस?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "सुचलंच नाही."

"मग चल लवकर. मी भाकरी टाकते. आणि ती विळी माळ्यावरून खाली काढ, कांदा काय दातांनी चिरू?"